ज्योती, पुखराज आणि ‘जात’ या शब्दाचा घोळ

पुसेगावच्या बाजूला, उत्तर खटावात, आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे आणि ती माझा धाकटा चुलतभाऊ कसतो. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे पिकाविषयी काही अडले की तो मला फोन करतो. माझ्या उत्तराचा त्याला प्रत्यक्ष शेतात कितपत उपयोग होतो, याविषयी मात्र आम्हा दोघांनाही शंका असते. यंदा खरिपाच्या बटाट्यासाठी त्याने बेणे आणले. पोती सोडताना ज्योतीच्या एका पोत्यात फिकट तांबूस सालीचे सात कंद निघाले. व्यापाऱ्याला विचारले तर त्याने “सगळी ज्योतीच आहे” एवढेच सांगितले. त्यावरून भावाने मला विचारले, “दादा, ज्योती एक जात, पुखराज दुसरी जात, हे तांबडं आणखी तिसरी जात. मग तुमच्या पुस्तकात बटाटा ही एकच जात कशी काय?”

प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

निम्मा घोळ आपल्या भाषेचा आहे. मराठीत ‘जात’ हा शब्द शेतकरी वाणासाठी वापरतो आणि वनस्पतिशास्त्रज्ञ स्पीशीजसाठी. त्यात भर म्हणजे जुन्या शास्त्रीय मराठीत स्पीशीजला ‘जाती’ आणि तिच्या वरच्या पायरीला ‘प्रजाती’ म्हणत असत, तर आजची वर्तमानपत्रे स्पीशीजलाच ‘प्रजाती’ म्हणतात. मी येथे आजचा प्रघात पाळतो: शास्त्रातली ती प्रजाती आणि शेतातला तो वाण. या अर्थाने ज्योती, पुखराज, चंद्रमुखी, सिंदुरी हे सगळे वाण सोलॅनम ट्युबरोसम या एकाच प्रजातीचे आहेत. वाण म्हणजे येथे मुळात एकच झाड. आल्याचे बेणे, हळदीचे गड्डे किंवा उसाची कांडी लावतो तसाच बटाट्याचा कंद लावतो, आणि त्यातून उगवणारे रोप हे आधीच्या रोपाचे अपत्य नसून त्याचाच पुढचा भाग असते. ज्योती १९६८ साली प्रसारित झाली. तेव्हापासून देशभर लावलेली सगळी ज्योती आनुवंशिक दृष्ट्या एका रोपाचाच विस्तार आहे. अशा विस्तारात एखाद्या फुटव्यात अवचित बदल होतो आणि तो टिपून नवा वाण करता येतो. आपल्या सांगली जिल्ह्यातला तासगावचा तास-ए-गणेश हा द्राक्षवाण थॉम्पसन सीडलेसमधून असाच निवडलेला आहे, आणि बटाट्यातला कुफरी रेड हा दार्जिलिंग रेड राऊंडमधून. पण पोत्यात निघालेले सात तांबूस कंद असे अवचित बदललेले असतील, असे मला वाटत नव्हते. एका पोत्यात एकदम सात म्हणजे सरळ भेसळ.

आता प्रजातीकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

१५९६ मध्ये कास्पर बाउहिनने बटाट्याला सोलॅनम ट्युबरोसम म्हटले आणि १७५३ मध्ये लिनियसने ते नाव पक्के केले. सोलॅनम हा हजाराहून अधिक प्रजातींचा गट आहे. कृष्णाकाठचे वांगे त्यातले, बांधावरची काटेरी भुईरिंगणी त्यातली आणि परसातली कामोणीही त्यातलीच. टोमॅटोला लिनियसने सोलॅनममध्येच ठेवले होते, पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने त्याला वेगळे काढले, आणि सुमारे अडीच शतकांनी शास्त्रज्ञांनी त्याला पुन्हा घरी आणले. (जाता जाता: ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ज्या शब्दात आहे, त्याचा तिकडचा अर्थ रताळे असा होता. रताळ्याचे बटाट्याशी जवळचे नाते नाही.) या सोलॅनममध्ये कंद धरणाऱ्या रानटी व लागवडीच्या बटाट्यांचा जो उपगट आहे, त्याला पेटोटा म्हणतात. रानटी बटाटे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागापासून मेक्सिको, अँडीज पर्वत आणि तेथून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत आढळतात, आणि त्यांची सर्वाधिक दाटी पेरूमध्ये आहे.

पेटोटात प्रजाती किती, या प्रश्नावर मात्र शंभर वर्षे एकमत नव्हते. १९२०च्या दशकात पिकांच्या मूळस्थानांचा शोध घेणारा रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलॉव्ह याच्या प्रेरणेने बुकासॉव्ह आणि युझेपचुक हे दोन रशियन शास्त्रज्ञ मेक्सिकोपासून चिलीपर्यंत फिरले. अँडीजमधल्या शेतकऱ्यांच्या वाफ्यांत युरोपला कधी न दिसलेले बटाटे त्यांना सापडले आणि त्यांनी त्यांची भराभर नवी नावे ठेवली. पुढे बुकासॉव्हच्या वर्गीकरणात लागवडीच्या प्रजातीच २१ झाल्या. इंग्रज शास्त्रज्ञ जॅक हॉक्स १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेला आणि त्याने जन्मभर याच गटाचा अभ्यास केला. १९९० च्या त्याच्या ग्रंथात पेटोटातील सुमारे २३० प्रजाती आहेत आणि त्यांत लागवडीच्या सात. पेरूच्या कार्लोस ओचोआने लागवडीच्या नऊ मानल्या, तर त्याआधी १९६२ मध्ये डॉड्सने तीनच. एकाच रोपाकडे पाहून कोणी तीन म्हणतो, कोणी एकवीस. एवढा मतभेद वांग्यात किंवा मिरचीत पडत नाही. मग बटाट्यातच का पडतो?

याचे मुख्य कारण कंदात आहे. दोन दूरच्या प्रजातींचा संकर झाला तर बहुतेक वनस्पतींत ते अपत्य वांझ निघते आणि एका पिढीत नाहीसे होते. बटाट्याचा संकर वांझ असला तरी जमिनीखाली कंद धरतो. शेतकऱ्याला तो आवडला तर तो पुढच्या हंगामात लावतो, त्याचा मुलगा लावतो, नातू लावतो. असा हा वांझ संकर शेकडो वर्षे जगतो, सगळीकडे एकसारखा दिसतो, आणि मग एखादा वर्गीकरणतज्ज्ञ तेथे पोहोचून त्याला लॅटिन नाव देतो. या बाबतीत मला त्या तज्ज्ञांना दोष देववत नाही. हातात रोप, समोर डोंगर, आणि गुणसूत्रे मोजायची सोय हजारो मैलांवर, अशा परिस्थितीत कोणीही हेच केले असते.

गुणसूत्रे मोजली की चित्र बदलते. बटाट्यातील एका संचात १२ गुणसूत्रे असतात. रानटी बटाट्यांपैकी बहुतेकांकडे असे दोन संच, म्हणजे २४ गुणसूत्रे आहेत. पण तीन, चार, पाच आणि सहा संचांची रोपेही आहेत. आपण खातो त्या बटाट्याचे संच चार, म्हणजे ४८ गुणसूत्रे. तितिकाका सरोवराच्या परिसरात, जिथे शेतीच्या हंगामातही दव गोठते, तिथे सोलॅनम अकॉली नावाचा एक रानटी, चार संचांचा, बुटका बटाटा वाढतो आणि थंडी सहज सोसतो. त्याचा दोन संचांच्या गोड लागवडी बटाट्याशी संकर झाला तेव्हा २४ अधिक १२, अशी ३६ गुणसूत्रे असलेले तीन संचांचे रोप जन्मले: सोलॅनम युझेपचुकी. तीन संचांना नीट जोड्या लावता येत नसल्यामुळे ते वांझ असते. पण कधी कधी त्याची बीजांडे संच न विभागता तशीच तयार होतात. अशा ३६ गुणसूत्रांच्या बीजांडाला चार संचांच्या बटाट्याचे २४ गुणसूत्रांचे पराग मिळाले की ६० गुणसूत्रांचे, पाच संचांचे रोप तयार होते: सोलॅनम कर्टिलोबम. हे दोन्ही बटाटे कडू असतात. तिथले लोक ते रात्रीच्या हिमात गोठवतात, दिवसाच्या उन्हात वितळवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि वर्षानुवर्षे टिकणारा ‘चुन्यो’ करतात. आपण चैत्राच्या उन्हात बटाट्याचा कीस वाळवतो. ते त्याच कामी रात्रीची थंडीही वापरतात. युझेपचुकी हे नाव बुकासॉव्हने आपल्या सहकाऱ्याच्या सन्मानार्थ दिले होते, आणि युझेपचुकने एका रानटी बटाट्याला बुकासॉव्हचे नाव देऊन परतफेड केली. आजच्या वर्गीकरणात यांपैकी युझेपचुक टिकला आणि बुकासॉव्ह दुसऱ्या एका प्रजातीत विलीन झाला.

संचांच्या संख्येवरून कोणाचा कोणाशी संकर होईल हे कळायला हवे, पण तसे ते कळत नाही. बीजातल्या गर्भाला पोसणाऱ्या गरात आईकडचे दोन वाटे आणि बापाकडचा एक वाटा असे प्रमाण असावे लागते. ते बिघडले की बी पोचट राहते. १९८० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की प्रत्येक रानटी बटाट्याचे या हिशेबातले ‘वजन’ त्याच्या संचांच्या संख्येहून वेगळे असू शकते. अकॉलीचे संच चार आहेत, पण त्याचे वजन दोन. म्हणूनच दोन संचांच्या बटाट्याशी त्याचे जुळले. मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसमचे संच सहा, वजन चार. त्यामुळे आपल्या बटाट्याशी त्याचा संकर होतो. मेक्सिकोचाच सोलॅनम बल्बोकास्टॅनम दोन संचांचा आहे आणि त्याचे वजन एक. त्याचे आपल्या बटाट्याशी सरळ जमतच नाही. या गटात कोण कोणाच्या जवळचे, हे ठरवायला पानांच्या आकारापेक्षा हा अंक मला कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटतो.

पुढे डीएनएच्या खुणा तपासण्याची सोय झाली आणि अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड स्पूनर व त्याच्या सहकाऱ्यांनी सगळी खातेवही नव्याने तपासली. २००७ मध्ये त्यांनी लागवडीच्या ७४२ गावरान वाणांची तपासणी प्रसिद्ध केली. हॉक्सच्या सातांपैकी बहुतेक प्रजातींना स्वतंत्र अस्तित्वाचा पुरावा सापडला नाही, आणि लागवडीच्या प्रजाती चारच उरल्या: आपली ट्युबरोसम, आणि युझेपचुकी, कर्टिलोबम व अजानहुइरी हे तीन जुने संकर. २०१४ पर्यंत रानटी प्रजातीही १०७ वर आल्या. सुमारे २३० वरून एवढ्यावर! ज्यांनी आयुष्यभर ती नावे पाठ केली त्यांना हे रुचले नसणारच. ट्युबरोसमचे आता दोन गट मानतात: अँडीजच्या उंचीवरचा अँडिजेनम आणि दक्षिण चिलीच्या सखल भागातला चिलोटॅनम. २००५ च्या स्पूनरच्याच अभ्यासानुसार माणसाने बटाटा एकदाच, दक्षिण पेरूच्या परिसरातील रानटी बटाट्यांच्या एका गुंतागुंतीच्या समूहातून माणसाळवला. बुकासॉव्हच्या नावाचा तो रानटी बटाटाही याच समूहातला.

युरोपात आणि तेथून आपल्याकडे आला तो या दोन गटांपैकी कोणता, यावरही रशियन आणि इंग्रज शास्त्रज्ञांत जुना वाद होता. रशियन म्हणत चिलीचा, इंग्रज म्हणत अँडीजचा. इंग्रजांच्या बाजूचा एक पुरावा भारतातून दिला जाई: फुलवा, साठा, गोला, दार्जिलिंग रेड राऊंड हे आपले जुने देशी वाण म्हणजे अँडीजच्या पहिल्या बटाट्यांचे अवशेष, असे समजले जात होते. चिलीच्या बहुतेक बटाट्यांच्या हरितलवकाच्या (पानांतल्या हिरव्या कणांच्या) डीएनएत २४१ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे ही शहानिशा करणे शक्य झाले. २००५ मध्ये भारतीय वाण तपासले तेव्हा ते प्रामुख्याने चिलीकडचे निघाले, आणि तो पुरावाच उलटला. पण रशियनांचाही पूर्ण विजय झाला नाही. युरोपातील जुन्या वाळवलेल्या नमुन्यांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अठराव्या शतकातले बटाटे अँडीजचे दिसले, आणि १८११ पासून चिलीचे मिसळत गेलेले आढळले. वाद घालणारे दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते. इंग्रजी अमलात महाबळेश्वरच्या तुरुंगातले चिनी कैदी जो बटाटा पिकवीत, त्याच्या डीएनएत तो तुकडा होता की नव्हता, हे पाहायला मिळाले असते तर मला फार आवडले असते.

या दोन गटांतला फरक शेतकऱ्यालाही जाणवेल असा आहे. अँडीजमध्ये दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा असतो आणि तिथला बटाटा दिवस लहान असेल तरच कंद धरतो. चिलोए बेट ४२ अंश दक्षिणेला आहे. तिथल्या उन्हाळ्याच्या लांब दिवसांतही कंद धरणारे बटाटे निवडले गेले. हे नियंत्रण मुख्यतः सीडीएफ१ या जनुकाकडे असल्याचे २०१३ मध्ये सिद्ध झाले. उत्तर भारतात बटाटा हिवाळ्यात, लहान दिवसांत येतो. आपल्या खटावात मात्र तो जून-जुलैत लावतात, तेव्हा दिवस सुमारे तेरा तासांचा असतो, वर ढग आणि दमट हवा. पठारासाठी म्हणून १९७२ मध्ये काढलेल्या वाणाचे नाव कुफरी लवकर आहे, आणि सरकारी वाणाला इतके सरळ मराठी नाव मी दुसरे पाहिलेले नाही. ‘कुफरी’ हे सिमल्याजवळचे ठिकाण. आपल्याकडच्या शेतात बटाट्याला फळ क्वचितच धरते, तिथल्या थंडीत आणि लांब दिवसांत मात्र फुले भरघोस येतात व फळेही धरतात, म्हणून संकराचे काम तिथे होते.

ते काम किती चिकाटीचे आहे, हे भावाला समजावताना मी वाटाण्यापासून सुरुवात केली. मेंडेलच्या वाटाण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि दबलेला गुण चारांत एकदा उघडा पडतो. बटाट्यात प्रती चार. समजा त्यांतल्या दोन सालीला रंग देणाऱ्या आहेत आणि दोन न देणाऱ्या. अशा झाडाच्या सहा बीजकांपैकी (परागातल्या किंवा बीजांडातल्या प्रजननपेशींपैकी) एकातच रंग न देणाऱ्या दोन्ही प्रती येतात, आणि आई-बाप दोघांकडून तसेच बीजक यायचे तर ३६ रोपांत एक रोप पांढरे निघेल. असे तीन गुण एका रोपात हवे असतील तर वाटाण्यात ६४ रोपे पुरतात, बटाट्यात ४६,६५६ लागतात. एका फळातल्या शेकडो बियांतून शेकडो वेगळे बटाटे निघतात ते यामुळेच, आणि आवडलेले रोप कंदानेच टिकवावे लागते तेही यामुळेच. २०११ मध्ये बटाट्याचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, प्रथम वाचला गेला तेव्हा हा चौपदरी गुंता टाळण्यासाठी एकाच संचाची दुप्पट करून तयार केलेले खास रोप निवडावे लागले. त्या आंतरराष्ट्रीय कामात भारताचाही वाटा होता. ८४४ कोटी नव्हे, ८४.४ कोटी अक्षरे आणि सुमारे ३९,००० जनुके, हा त्याचा हिशेब. (पहिला आकडा मी वर्गात एकदा चुकीचा सांगितला होता, म्हणून येथे मुद्दाम स्पष्ट करतो.)

आता पुन्हा पोत्याकडे. भावाच्या हातातली ज्योती नावाने ट्युबरोसम असली, तरी तिच्या पूर्वजांत मेक्सिकोचा तो सहा संचांचा डेमिसम आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये उशिराच्या करप्याने बटाटा बसला आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या रोगाशी लढणारी जनुके पुढे डेमिसममधून आणली गेली आणि तीच ज्योतीच्या करपा-प्रतिकाराचा आधार होती. करप्याचा रोगजंतू बदलला आणि तो प्रतिकार आता बराचसा ओसरला आहे, हे श्रावणातल्या धुक्यात पाने काळी पडताना भावाने स्वतः पाहिले आहे. म्हणजे तो जी ‘एक जात’ म्हणून लावतो, तिच्यात चिली, अँडीज आणि मेक्सिकोचे रान अशी तिन्ही मिसळलेली आहेत.

यावर कडी केली ती २०२५ च्या जुलैमधील संशोधनाने. चीनमधील सानवेन हुआंग यांच्या गटाने लागवडीच्या ४५० आणि रानटी ५६ बटाट्यांचे जीनोम ताडून दाखवले की संपूर्ण पेटोटा गटच एका प्राचीन संकरातून जन्मला आहे. सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी टोमॅटोच्या पूर्वजांचा आणि एट्युबरोसम नावाच्या गटाच्या पूर्वजांचा संकर झाला. एट्युबरोसमची झाडे दिसायला बटाट्यासारखी, पण त्यांना कंद नाहीत, टोमॅटोलाही नाहीत. कंद धरायला सुरुवात करा, असा संदेश देणारे एसपी६ए हे जनुक टोमॅटोच्या बाजूने आले आणि जमिनीखालच्या फांद्यांची वाढ सांभाळणारे आयटी१ हे दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र आली तेव्हा कंद निर्माण झाला. आणि वर म्हटल्याप्रमाणे, कंद असला की संकराला बीजाची गरज उरत नाही.

हे सगळे ऐकून भाऊ म्हणाला, “म्हणजे दादा, टमाट्याच्या भावात पडलो काय आणि बटाट्याच्या भावात पडलो काय, घर एकच.”

ते सात तांबूस कंद त्याने बांधाकडच्या शेवटच्या सरीत वेगळे लावले होते. परवा त्याने फोटो पाठवला. ज्योतीला पांढरी फुले आली आहेत, त्या सरीतली मात्र जांभळट आहेत. सालीचा रंग, जरा खोल डोळे आणि ही फुले पाहता ती सिंदुरी असावी असा माझा अंदाज आहे. सिंदुरी उशिरा तयार होते. म्हणून त्याला एवढेच कळवले आहे की ज्योतीची काढणी झाली तरी ती सरी आणखी पंधरा-वीस दिवस उपटू नये.